पोलीस, वकिली की फॉरेन्सिक? बेताच्या ऐपतीत 'क्रिमिनल जस्टिस'ची पदवी निवडताना

बारावीचा निकाल लागून तीन आठवडे झाले होते. सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतल्या एका घरात मी उंबऱ्याशी बसले होते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पान, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळी, तोंड मुडपलं की दोरा. बोलताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत. मुलीच्या हातात पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. 'बी.ए. क्रिमिनॉलॉजी अँड क्रिमिनल जस्टिस', तीन वर्षं. वर्दीतल्या तरुणीचा फोटो, मागे भिंग आणि बोटांचे ठसे. पहिल्या वर्षाची फी दीड लाखाच्या पुढे, वसतिगृह आणि मेस वेगळी.

आईनं एकच विचारलं, "ताई, एवढं भरलं की पोरगी पोलिसात लागती का?"

मी सोलापूरच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. माझे वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, त्यामुळे दीड लाख म्हणजे किती पगाराचे हप्ते हे मला बोटांवर मोजता येतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, त्या पदवीमुळे कोणी पोलिसात लागत नाही. पोलीस शिपाई व्हायला बारावी पास पुरते आणि फौजदार व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते. पण एवढंच सांगून उठले असते तर मुलीचा हिरमोड झाला असता, आणि तिची इच्छा तर अगदी खरी होती. तिला गुन्हा, तपास, न्याय या कामातच जायचं होतं. म्हणून त्या दुपारी मी तिला जे समजावलं, ते इथे सविस्तर लिहिते. सोलापुरात अशी घरं खूप आहेत.

एक चोरी आणि तिच्यामागे धावणारी माणसं

'क्रिमिनल जस्टिस' हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला. तिकडे या नावाची स्वतंत्र पदवी रूढ आहे. मराठीत त्याला फौजदारी न्यायव्यवस्था म्हणतात. ही व्यवस्था म्हणजे एक नोकरी नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं.

समजा, जोडभावी पेठेत रात्री एका घराचं कुलूप तुटलं. सकाळी ठाण्यात फिर्याद लिहून घेणारा अंमलदार शिपाई म्हणून भरती झालेला असतो. तपास ज्याच्याकडे जातो तो उपनिरीक्षक बहुतेक वेळा लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेला, नाहीतर खात्यातून बढती मिळालेला. कपाटावरचे ठसे उचलणारा तज्ज्ञ वेगळा, रक्ताचा डाग तपासणारी प्रयोगशाळेतली बाई वेगळी. आरोपी सापडला की न्यायदंडाधिकारी, सरकारी वकील आणि आरोपीचा वकील हे तिघं येतात, आणि तिघांकडेही कायद्याची पदवी असावी लागते. आरोपी अठराच्या आतला निघाला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) त्याच्या घरी जाऊन चौकशी अहवाल लिहितो. मोठा असेल आणि जामीन नाही मिळाला तर कारागृह, म्हणजे तिथले शिपाई, तिथले अधिकारी.

एका चोरीमागे ही आठ-दहा पदं झाली. प्रत्येक पदाचा सेवाप्रवेश नियम वेगळा आहे, आणि त्या नियमात लिहिलेली शैक्षणिक अर्हता म्हणजेच त्या पदाचं दार. पदवीचं नाव कितीही भारदस्त असो, ते नाव नियमात नसेल तर त्या दाराला तुमची किल्ली लागत नाही.

म्हणून मी प्रत्येक मुलाला उलट्या बाजूनं सुरुवात करायला सांगते. माहितीपत्रक बाजूला ठेवा. ज्या पदावर बसायचं आहे त्याच्या मागच्या दोन-तीन भरतीच्या जाहिराती शोधा. लोकसेवा आयोगाच्या आणि त्या-त्या खात्याच्या संकेतस्थळावर त्या मिळतात. त्यात 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना पेन घेऊन वाचा. 'कोणत्याही शाखेची पदवी' असं असेल तर सगळ्यात स्वस्त, मान्यताप्राप्त आणि घराजवळची पदवी घ्या. 'अमुक विषयासह पदवी' असेल तर तो विषय सोडू नका. 'अनुभव आवश्यक' असेल तर पदवीनंतरची ती वर्षं घर कशावर चालणार, याचा हिशेब आजच मांडा. मग वय, उंची आणि प्रवर्गाच्या अटी बघा. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे आणि त्यानं लाखभर रुपये वाचतात.

वर्दीची वाट

पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण ही अट आहे. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागास प्रवर्गांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानात निम्मे गुण मिळवून वरच्या यादीत आलात की १०० गुणांची लेखी परीक्षा असते. त्यात गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. कारागृह शिपाई आणि राज्य राखीव दलाची भरतीही साधारण याच धाटणीची, पण राखीव दलात मुलांची उंची १६८ लागते आणि वयाची, मैदानी चाचणीची अट वेगळी असते. आपल्या सोरेगावात राखीव दलाचा गट क्रमांक १० आहे आणि केगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे वर्दी हे सोलापूरच्या पोरांना रोज डोळ्यांपुढे दिसणारं स्वप्न आहे.

पहाटे पाचला मैदानावर गेलात तर अंधारात फक्त बुटांचा आवाज ऐकू येतो. कुणाच्या पायात भावाचे बूट असतात, टाचेत कापूस कोंबलेला. शिट्टी वाजते, वेळ पुकारली जाते आणि एखादी मुलगी गुडघ्यावर हात टेकून म्हणते, "चार सेकंद कमी झाले की!" या मुलांची जिद्द मी जवळून पाहते, म्हणूनच एक गोष्ट कळकळीनं सांगते. भरतीसाठी पदवी सोडू नका. भरती दरवर्षी ठरल्या महिन्यात निघत नाही. कोर्टात अडकते, पुढे ढकलली जाते. पाय मुरगळला की एक हंगाम गेला. बारावीवर थांबून पाच वर्षं मैदानावर घालवलेली आणि वय उलटून गेलेली मुलं माझ्याकडे शपथपत्र करायला येतात, तेव्हा त्यांच्या हातात मार्कांचा एकच कागद असतो. सकाळी ग्राउंड आणि दुपारी कॉलेज, हे जमतं. त्यासाठीच कॉलेज घराजवळचं हवं.

पोलीस उपनिरीक्षक म्हणजे फौजदार. त्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची गट-ब अराजपत्रित संयुक्त परीक्षा असते. पूर्व, मुख्य, मग शारीरिक चाचणी आणि मुलाखत. पदवी कुठलीही चालते. केंद्राच्या पोलीस दलांमधल्या उपनिरीक्षकासाठी कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा असते, तिथेही कुठलीही पदवी. म्हणजे अनुदानित महाविद्यालयातली राज्यशास्त्राची बी.ए. आणि माहितीपत्रकातली क्रिमिनॉलॉजीची बी.ए. या परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारी-शेजारी बसतात आणि दोघींना पेपर एकच मिळतो. राज्यशास्त्रवालीनं निदान संविधान तीन वर्षं वाचलेलं असतं.

क्रिमिनॉलॉजी हा विषय वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. गुन्हा का घडतो, शिक्षेनं माणूस सुधारतो का, हे प्रश्न फार मोलाचे आहेत आणि ते मनापासून शिकावेसे वाटत असतील तर शिकावेत. पदवीनंतर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा क्रिमिनल जस्टिसमधला पदव्युत्तर डिप्लोमा घरी राहून करता येतो. माझा आक्षेप फक्त क्रमाला आहे. घरात एकच डाव खेळायला पैसे असतील तर तो या पदवीवर पहिला लावू नये.

कायद्याची पदवी: इथे दार खरंच वेगळं आहे

न्यायाधीश, सरकारी वकील, वकील. या तीन खुर्च्यांवर कायद्याच्या पदवीशिवाय बसता येत नाही, म्हणून इथे पदवीला खरी किंमत आहे. या वाटेवर मी जरा जास्त वेळ थांबते, कारण गरीब घरांतली मुलं 'वकिली म्हणजे मोठ्या लोकांचं काम' असं समजून हिच्याकडे बघतच नाहीत.

दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम किंवा आधी कुठलीही पदवी आणि मग तीन वर्षांचं एल.एल.बी. दोन्हींना राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि ती मराठीतूनही देता येते. पात्रतेला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. बेरीज केली तर पहिला रस्ता पाच वर्षांचा, दुसरा सहा वर्षांचा. एक वर्ष वाचतं म्हणून सगळे पाचवाल्याकडे बोट दाखवतात.

घरची स्थिती डळमळीत असेल तर मी सहा वर्षांचा रस्ता सुचवते. कारण असं की पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातून तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडायची सोय बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत नाही. वडील आजारी पडले, चौथ्या वर्षी कॉलेज सुटलं, तर हातात बारावीच उरते. तीन अधिक तीनमध्ये पहिल्या तीन वर्षांनंतर पदवी पदरात पडलेली असते. तिच्यावर फौजदाराची परीक्षा देता येते, कुठं कामाला लागता येतं आणि दोन वर्षांनी परत येऊन एल.एल.बी.लाही बसता येतं. घर भक्कम असेल, मुलगी बारावीतच ठाम असेल, तर पाच वर्षांचा घ्यावा. सोलापुरात कायद्याचं शिक्षण घ्यायला गाव सोडावं लागत नाही. दयानंद विधी महाविद्यालय इथेच आहे आणि घरचं जेवण, घरचं अंथरूण ही फार मोठी शिष्यवृत्ती असते.

नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी एक बारीक अट आहे, ती नीट वाचा. बारावी रीतसर पास होऊन मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर पुढे एल.एल.बी.ला अडचण येत नाही. पण बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलचे नियम आडवे येतात. आणि घरबसल्या एल.एल.बी. करून वकिलीची सनद मिळत नाही. तसं कोणी सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका.

सनदेच्या खर्चाबद्दल एक चांगली बातमी अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेली नाही. पूर्वी राज्यांच्या बार कौन्सिल नोंदणीसाठी हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ती रक्कम खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. अखिल भारतीय बार परीक्षेची फी त्यावेगळी, ती काही हजारांत जाते. मी सनद घेतली तेव्हा आईची बोरमाळ गहाण पडली होती. त्यामुळे हा निकाल आला त्या दिवशी मी बाररूममध्ये पेढे वाटले.

आता अवघड भाग. सनद मिळाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं हाताला फार थोडं लागतं. ज्युनिअर म्हणून सकाळी साडेदहाला कोर्टात, संध्याकाळी साहेबांच्या ऑफिसात, आणि महिन्याला मिळतात ते जाण्यायेण्याचे पैसे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं पत्रक काढलं, पण ते शिफारशीच्या स्वरूपाचं आहे. सोलापुरात त्या रकमेवर घर चालेल असं धरून निघू नका. टायपिंग, नोटरीकडची कामं, संध्याकाळच्या शिकवण्या, असं काहीतरी जोडीला लागतं. मी तीन वर्षं शिकवण्या घेतल्या.

न्यायाधीश व्हायचं असेल तर हीच वर्षं आता सक्तीची झाली आहेत. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२५ रोजी परत लागू केली. सरकारी वकिलाच्या पदालाही वकिलीचा अनुभव लागतो. तेव्हा हिशेब करताना 'सहा वर्षं शिक्षण' असं म्हणू नका. सहा अधिक तीन म्हणा, आणि या नऊ वर्षांत घरातलं दुसरं कोण कमावणार, हे जेवताना सगळ्यांनी बसून बोला.

मग ही वाट धरायचीच कशाला? सोलापुरात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या लोकांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, कामाला गिरणीत जायचं. त्या कायद्याचं शेवटचं रूप ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झालं. वस्तीचं नाव मात्र आजही सेटलमेंट फ्री कॉलनी असंच चालतं. आजही शहरात चोरी झाली की त्या वस्तीतल्या पोरांना आधी उचलतात अशी तक्रार घेऊन आया माझ्याकडे येतात. अशा वेळी ठाण्यात त्याच वस्तीतली एखादी फौजदार असेल, कोर्टात त्याच वस्तीतला वकील उभा असेल, तर त्या आईला 'माझं कोणीतरी आहे' असं वाटतं. मी हे वाटणं डोळ्यांनी पाहिलं आहे.

तरुण फौजदारी वकिलांना एक नवं दारही उघडलं आहे. विधी सेवा प्राधिकरणानं २०२२ पासून 'लीगल एड डिफेन्स काउन्सेल' ही पद्धत आणली. ज्या आरोपींना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी कंत्राटी मानधनावर पूर्णवेळ वकील नेमले जातात, आणि सहायक या सगळ्यात खालच्या पदाला थोड्या वर्षांचा अनुभव पुरतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोठडीतला माणूस, प्रत्येक स्त्री आणि अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क खरा करायला माणसं लागतात.

भाषेची भीती असेल तर तीही सोडा. महाराष्ट्रात जिल्हा पातळीपर्यंतच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. उलटतपासणीत साक्षीदाराच्या बोलीतला बारकावा पकडणारा वकील पुढे निघतो. सोलापुरात मराठीच्या जोडीला घरात तेलुगू किंवा कन्नड असेल तर ती तुमची जमेची बाजू आहे.

पुस्तकांचंही सांगून ठेवते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. सगळी कलमं हलली. पूर्वी ५११ कलमं होती, आता न्याय संहितेत ३५८ आहेत. खून ३०२ मध्ये होता, तो १०३ मध्ये गेला. त्यामुळे वरच्या वर्गातल्या दादानं अर्ध्या किमतीत दिलेली जुनी पुस्तकं परीक्षेला चालणार नाहीत. मूळ कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, ते मोबाइलवर उतरवून घ्या.

फॉरेन्सिक, समाजकार्य

फॉरेन्सिकचं वेड मालिकांनी लावलं, पण त्यामागे आता खरं कारणही आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. ही तरतूद राज्यांनी पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. माणसं लागणार, हे उघड आहे.

तरी जपून. या वाटेला बारावी विज्ञान हवं, कला शाखेतून इथे येता येत नाही. राज्य सरकारच्या न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे प्रवेश मिळाला तर फी सरकारी असते. मिळाला नाही तर खासगी विद्यापीठातल्या लाखांच्या फॉरेन्सिक पदवीकडे धावण्यापेक्षा सोलापुरातच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणं मला शहाणपणाचं वाटतं. प्रयोगशाळेच्या पदांच्या जाहिरातीत रसायनशास्त्राला मोठं स्थान असतं, आणि फॉरेन्सिकमध्ये जागा निघाली नाही तरी चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या कारखान्याची प्रयोगशाळा, औषध कंपनी किंवा शिक्षकी या वाटा मोकळ्या राहतात. पुढे एम.एस्सी.ला फॉरेन्सिक घेता येतं. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० पासून केंद्राचं झालं, ते तेव्हा बघावं.

समाजकार्याची वाट कमी बोलली जाते. बालगृह, निरीक्षणगृह, महिला संरक्षण, कारागृहातून सुटलेल्यांचं पुनर्वसन, ही कामं याच व्यवस्थेची. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत 'क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस' या विषयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे. तिथल्या 'प्रयास' प्रकल्पानं १९९० पासून कैद्यांसोबत काम केलं आहे. ज्यांना गुन्हेगारापेक्षा त्याच्या मागे राहिलेल्या घराची काळजी जास्त वाटते, त्यांनी ही वाट जरूर बघावी. सोलापुरात वालचंद महाविद्यालयात एम.एस.डब्ल्यू. करता येतं.

पैसे कुठून, आणि कागद कोणते

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला तीन प्रश्न विचारा. हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आहे का? प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून आहे का? शिष्यवृत्ती येईपर्यंत फी आधी भरून घेणार का? तिन्ही उत्तरं माहितीपत्रकात नसतात, ती खिडकीवर विचारून घ्यावी लागतात.

मुलींसाठी जुलै २०२४ चा शासन निर्णय फार मोठा आहे. इतर मागास, भटके-विमुक्त, विशेष मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कायद्याची पदवी व्यावसायिक अभ्यासक्रमात येते. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. घरकुलातल्या त्या मुलीचं माहितीपत्रक नेमकं अशाच एका विद्यापीठाचं होतं. सोलापुरात एल.एल.बी. केलं तर शिक्षण फी शून्य, तिकडे गेली तर दीड लाख. हे वाक्य ऐकल्यावर आईचा हात पहिल्यांदा थांबला.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्याच्या खर्चाला स्वाधार योजना. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना आठ लाखांच्या आत राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. परीक्षांच्या मोफत तयारीसाठी राज्य सरकारच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींना बार्टी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना महाज्योती, मराठा-कुणबी मुलांना सारथी. क्लासला पन्नास हजार भरण्याआधी या तिघींची संकेतस्थळं बघा. विमुक्त जातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना, राज्याच्या नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण आहे, आणि सेटलमेंटमधल्या कित्येक घरांत दाखलाच नसल्यानं ते हातचं जातं.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची स्वतंत्र शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते. पदवीला वर्षाला सहा हजार. रक्कम छोटी वाटेल, पण अनुदानित कॉलेजातल्या बी.ए.चा बराचसा खर्च त्यात निघतो. आई-वडिलांपैकी एकाचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी सहसा घेता येत नाहीत, तेव्हा कुठली जास्त पडते ते मोजून एकच अर्ज करा.

आणि कागद. सोलापुरात शिष्यवृत्ती अडते ती बहुतेक वेळा नावाच्या एका अक्षरावर. आपल्याकडच्या तेलुगू घरांत आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. एका ठिकाणी शेवटचा 'म' आहे, दुसरीकडे अनुस्वार. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. जुलैत सेतू केंद्रासमोर रांग लागते आणि प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस असताना हे लक्षात येतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आणि सगळ्यात वेळ खाणारी जात वैधता, यांचे अर्ज अकरावीतच टाका. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही खात्यात उतरत नाहीत.

त्या दुपारी आम्ही असं ठरवलं. सोलापुरातच अनुदानित कॉलेजात बी.ए., विषय राज्यशास्त्र. पहाटे मैदान. तीन वर्षांत शिपाई भरती निघाली तर द्यायची, पण कॉलेज सोडायचं नाही. पदवी हातात आली की कायद्याची सीईटी आणि फौजदाराची पूर्व, दोन्ही. मुलीनं वहीत हे सगळं लिहिलं आणि माहितीपत्रक त्याच वहीत घडी घालून ठेवलं, फेकलं नाही.

"मग आत्ता काय लागतंय?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, "तुमचं विडीचं ओळखपत्र काढा, आणि हिच्या शाळेचा दाखला. दोन्हींवर आडनाव एकसारखं आहे का बघू."

आईनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओळखपत्र काढलं. मुलीनं दाखला शेजारी धरला. दोघी बराच वेळ वाचत राहिल्या. ओळखपत्रावर आडनावात एक वेलांटी जास्त होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही तिघी सेतू केंद्राच्या रांगेत होतो, पुढे अकरा माणसं.